ब्रेकिंग कधी म्हणायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या बातमीदारांसाठी

ठाणे, कळवा-मुंब्रा, ऐरोली-वाशी आणि पनवेलच्या पट्ट्यात बातमीदारीला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. कुणी पोर्टलला स्ट्रिंगर (बातमीगणिक मानधन घेणारा बातमीदार) म्हणून लागलंय, कुणी स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढलंय, कुणी प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर बातम्या टाकतंय. ‘ब्रेकिंग’ हा शब्द या सगळ्यांच्या हातात पहिल्याच दिवशी पडतो. तो कधी वापरायचा, हे मात्र कुणी समोर बसवून सांगत नाही. डेस्कवर बसून जे शिकले, ते इथे क्रमाने देते.

आधी अर्थ

ब्रेकिंग न्यूज म्हणजे आत्ता घडत असलेली किंवा नुकतीच घडलेली, अजून पूर्ण न उलगडलेली आणि लोकांना लगेच कळायलाच हवी अशी बातमी. तिन्ही गोष्टी हव्यात. ‘शुक्रवारी २४ तास पाणी बंद’ ही बातमी घराघरात महत्त्वाची आहे, पण ती सूचना आहे. तिला दोन दिवस आधीचा मुहूर्त असतो, तिथे ब्रेकिंग लावायचं कारण नाही. तेच जलवाहिनी सकाळी सहाला फुटली आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना आज पाणी येणार नाही, असं कळलं, तर ती ब्रेकिंग. कुणी नेत्याने पक्ष सोडला, राजीनाम्याचं पत्र हातात आहे, तर ब्रेकिंग. तो सोडण्याची ‘शक्यता’ असेल, तर ती फार तर चर्चा.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे वाचून कुणी पुढच्या तासाभरात काही वेगळं करेल का? ठाणे-वाशी लोकल बंद पडली, तर ठाणे स्टेशनला निघालेला माणूस बस धरेल. बारवी धरणातून विसर्ग वाढला, तर नदीकाठची माणसं सामान हलवतील. उत्तर ‘नाही’ आलं, तर बातमी साध्या मथळ्याने द्या. दवंडी रोज पिटली तर खऱ्या पुराच्या दिवशी दारात कुणी येत नाही. आपल्या ग्रुपवर नोटिफिकेशन बंद करून ठेवलेली माणसं हेच सांगत असतात.

शेजारचे शब्दही वेगळे ठेवा. ‘फ्लॅश’ म्हणजे एका ओळीची पहिली खबर. वृत्तसंस्थांच्या टेलिप्रिंटरच्या काळात फ्लॅश, बुलेटिन आणि अर्जंट अशा पायऱ्या असत आणि वरच्या पायरीची बातमी आली की यंत्राची घंटा वाजे. ‘अपडेट’ म्हणजे आधी दिलेल्या बातमीत पडलेली भर. आधीची बातमीच दिली नसेल तर अपडेट कशाचं? ‘एक्स्क्लुझिव्ह’ म्हणजे फक्त आपल्याकडे असलेली बातमी, तिचा घाईशी संबंध नाही. ‘मोठी बातमी’ हे आपलं मत झालं. आणि ‘अलर्ट’ हा शब्द सरकारी यंत्रणांचा आहे. त्याचं पुढे वेगळं सांगते, कारण पावसाळ्यात सर्वात जास्त गोंधळ तिथेच होतो.

पहिली पायरी: हद्द ओळखा

नवीन माणूस इथेच अडकतो. घटना कळली, की फोन कुणाला लावायचा? ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेत. खारघर, कामोठे, कळंबोलीला सगळे नवी मुंबईच म्हणतात, पण ते पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतं. पोलीस मात्र दोन्हीकडे नवी मुंबई आयुक्तालयाचे. दिवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत, डोंबिवली कल्याण-डोंबिवली महापालिकेत, पण पोलीस आयुक्तालय दोन्हींचं ठाणेच. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असलं तरी तिथे २०२० पासून वसई-विरारसह स्वतंत्र आयुक्तालय आहे. रुळांवर काही घडलं तर लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल. ठाणे, नवी मुंबई, पनवेलमध्ये वीज गेली तर महावितरण, पण कळवा-मुंब्रा-शिळमध्ये वितरण टोरंट पॉवरकडे.

हे पाठ असण्याचा उपयोग एका उदाहरणात कळेल. जोरदार पावसाच्या रात्री ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून उद्या शाळांना सुट्टी’ असं पत्र फिरायला लागतं. ठाणे जिल्हाधिकाऱ्यांचं असेल तर ते वाशीच्या शाळेला लागू होतं, खारघरच्या शाळेला होत नाही. तिथे रायगडचा आदेश हवा. ‘नवी मुंबईत शाळांना सुट्टी’ एवढंच टाकलं, तर अर्ध्या पालकांपर्यंत चुकीची बातमी गेली. शिवाय अशी पत्रं जुनी किंवा बनावट असण्याची सवय आता सगळ्यांनाच झाली आहे. तारीख, जावक क्रमांक बघा, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा महापालिकेच्या अधिकृत हँडलवर तेच पत्र आहे का बघा, मगच पुढे ढकला.

दुसरी पायरी: फोन

खातरजमेला पर्याय नाही आणि ती बहुतेक वेळा दोन मिनिटांत होते. आग, झाड पडणं, भिंत कोसळणं, पाणी तुंबणं यांसाठी महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि अग्निशमन केंद्र. तिथली माणसं त्या क्षणी कामात असतात, म्हणून प्रश्न तयार ठेवूनच फोन लावायचा (‘वर्दी’ म्हणजे घटना कळवणारी खबर):

‘नमस्कार साहेब, अमुक पोर्टलमधून बोलतेय. वागळे इस्टेटच्या आगीची वर्दी आलीये का तुमच्याकडे? किती वाजता? नेमका पत्ता काय? गाड्या किती गेल्यात? कुणाला दुखापत?’

एवढं विचारायचं, आभार मानायचे आणि ठेवायचा. ‘आग कशामुळे लागली’ हे कक्षात बसलेल्या माणसाला माहीत नसतं. आपण दोनदा विचारलं की तो काहीतरी अंदाज सांगतो आणि आपल्याकडे ‘शॉर्टसर्किटमुळे’ छापून येतं.

कक्षाकडून पत्रकारांच्या ग्रुपवर संदेशही येतात. त्यांची भाषा ठरलेली असते: ‘सदर ठिकाणी अग्निशमन दलाचे जवान ०१ फायर वाहन व ०१ रेस्क्यू वाहनासह उपस्थित असून, सदर घटनेत कोणालाही दुखापत झालेली नाही.’ हा संदेश नीट वाचायला शिका. ‘दुखापत नाही’ म्हणजे संदेश लिहिला त्या वेळेपर्यंत नाही. संदेशातली वेळ बहुतेकदा वर्दी मिळाल्याची असते, घटना घडल्याची नसते. ‘सदर’, ‘प्राप्त माहितीनुसार’, ‘उपस्थित’ हे शब्द तिथेच सोडून द्या आणि ‘एक बंब आणि एक रेस्क्यू गाडी पोहोचली आहे’ असं लिहा.

दोन सूत्रांकडून दुजोरा घ्या, असं सगळे सांगतात. दोन सूत्रं म्हणजे काय, हे मात्र समजून घ्या. नगरसेवकाने टाकलेला मेसेज आणि तोच मेसेज पुढे पाठवणारा कार्यकर्ता ही दोन सूत्रं नाहीत, एकच आहे. स्वतः बघितलेला दुकानदार आणि स्वतंत्रपणे वर्दी घेतलेला अग्निशमन कर्मचारी, ही दोन. अधिकृत दुजोरा मिळेपर्यंत थांबायला लागलं आणि दुसरं चॅनेल पुढे गेलं, तर जाऊ द्या. ११ नोव्हेंबर २०२५ ला अभिनेते धर्मेंद्र यांच्या निधनाची बातमी अनेक मोठ्या माध्यमांनी चालवली. त्यांच्या कुटुंबीयांना जाहीरपणे सांगावं लागलं, की ते हयात आहेत. त्यांचं निधन झालं ते २४ नोव्हेंबरला. मृत्यूची बातमी कुटुंबीय, रुग्णालय किंवा पोलीस यांच्यापैकी कुणी सांगितल्याशिवाय द्यायचीच नाही. इथे मला कुठलीही सवलत मान्य नाही.

तिसरी पायरी: पहिली ओळ

इथे जरा थांबते, कारण सगळं कौशल्य या एका ओळीत आहे. समजा, सकाळी ७.२० ला एका ग्रुपवर येतं:

‘ब्रेकिंग! मुंब्रा बायपासवर भीषण अपघात, अनेक जण ठार झाल्याची भीती, वाहतूक पूर्णपणे ठप्प, प्रवाशांचे प्रचंड हाल!’

यात चार दावे आहेत आणि पाठवणाऱ्याने बघितलंय फक्त एक: आडवा पडलेला कंटेनर. भीषण कुणी ठरवलं? भीती कुणी व्यक्त केली? पूर्णपणे म्हणजे दोन्ही बाजूंनी का? वाचणारा माणूस साकेत पुलावर अडकलेला असेल, तर त्याला यातून काहीच मिळत नाही. वाहतूक पोलिसांना फोन लावल्यावर ती बातमी अशी होते:

‘मुंब्रा बायपासवर कंटेनर उलटला. शिळफाट्याकडे जाणारी मार्गिका बंद असल्याची माहिती ठाणे वाहतूक पोलिसांनी दिली. क्रेन बोलावली आहे. जखमींबाबत अद्याप माहिती नाही. (स. ७.३५)’

काय झालं, कुठे झालं, कोण सांगतंय, काय अजून कळलेलं नाही आणि किती वाजता. वेळ कधीही गाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज दिवसभर फिरतो, संध्याकाळी पाचला कुणीतरी तो पहिल्यांदा वाचतो आणि वेळ नसेल तर बायपास अजून बंद समजून कळव्याच्या गर्दीत शिरतो. जागाही नेमकी हवी. ‘घोडबंदर रोडवर कोंडी’ याचा उपयोग नाही. गायमुख घाटात की माजिवड्याला, ठाण्याकडे येताना की जाताना, ते लिहा.

या शिस्तीचा जुना नमुना मला फार आवडतो. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या ताफ्यावर गोळीबार झाला, तेव्हा यूपीआय या वृत्तसंस्थेचे वार्ताहर मेरीमन स्मिथ त्याच ताफ्यातल्या वार्ताहरांच्या गाडीत होते. गाडीतल्या फोनवरून त्यांनी जे सांगितलं, ते चारेक मिनिटांत जगभर गेलं: डॅलसमध्ये अध्यक्षांच्या ताफ्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या कुणाला लागल्या, कुणी झाडल्या, यातलं अक्षरही त्यात नव्हतं, कारण त्या क्षणी त्यांना ते माहीत नव्हतं. शतकातल्या सर्वात मोठ्या बातम्यांपैकी एक, आणि पहिल्या ओळीत एकही विशेषण नाही.

आकडा आणि कारण

पहिल्या तासात दोन गोष्टी हमखास चुकतात: मृतांचा आकडा आणि घटनेचं कारण.

९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान प्रवासी रुळांवर पडले. सुरुवातीला बातम्या चालल्या, की पुष्पक एक्स्प्रेसमधून माणसं पडली. नंतर रेल्वेने स्पष्ट केलं, की शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दरवाजात लटकलेले हे प्रवासी होते. कल्याण-डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या हजारो घरांत त्या सकाळी फोन वाजायला हवे होते आणि बातमी सांगत होती लखनौच्या गाडीबद्दल. कुठली गाडी, हे ठाऊक नसताना ‘दिवा-मुंब्रा दरम्यान प्रवासी रुळांवर पडले’ एवढंच पुरेसं होतं.

कारणाचं उदाहरण डोंबिवलीचं. २३ मे २०२४ ला एमआयडीसीतल्या रासायनिक कंपनीत स्फोट झाला, तेव्हा सगळीकडे ‘बॉयलरचा स्फोट’ चाललं. पुढे तो रिअ‍ॅक्टरचा निघाला. हा फरक तांत्रिक वाटेल, पण बॉयलरची तपासणी करणारी यंत्रणा वेगळी, रसायनांच्या प्रक्रियेवर देखरेख करणारी वेगळी. चुकीच्या शब्दाने जबाबदारी पहिल्याच दिवशी चुकीच्या दाराशी जाते. ‘स्फोट झाला, कारण अद्याप स्पष्ट नाही’ हे वाक्य लिहायला कमीपणा वाटू देऊ नका.

आकड्यांचं सांगायचं तर, शिळफाट्याजवळची बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी कोसळली. ढिगारा उपसायला दोन दिवस लागले आणि मृतांचा आकडा ७४ वर गेला. अशा घटनेत पहिल्या रात्री दिलेला कुठलाही आकडा अपुराच असणार. म्हणून आकडा नेहमी त्याच्या मालकासह द्या: ‘कळव्याच्या रुग्णालयात इतके मृतदेह आणल्याचं रुग्णालय प्रशासनाने रात्री दहाला सांगितलं.’ दोन रुग्णालयांचे आकडे स्वतः बेरीज करून देऊ नका, एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलेला जखमी दोनदा मोजला जातो. आणि नाव? घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याशिवाय कधीच नाही.

पाऊस आणि ‘अलर्ट’

हवामान विभागाचे रंग चार. हिरवा म्हणजे इशारा नाही, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. हे रंग जिल्ह्यांनुसार असतात. ठाण्याला ऑरेंज आणि रायगडला रेड असेल, तर वाशीला ऑरेंज आणि पनवेलला रेड, असं एकाच दिवशी होतं. ‘नवी मुंबईला रेड अलर्ट’ लिहिण्याआधी जिल्हा बघा. जिल्ह्याचा दिवसाचा अंदाज आणि ‘पुढच्या तीन तासांत’ असा येणारा तात्कालिक इशारा हे दोन वेगळे कागद आहेत. दुसऱ्याची मुदत तीन तासांत संपते, त्यामुळे तो टाकताना कितीपर्यंत लागू आहे ते लिहायचंच.

शब्दांनाही मापं आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाणी आलं म्हणून ‘ढगफुटी’ होत नाही. ढगफुटी म्हणजे लहानशा भागात तासाभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस.

धरणाच्या बातमीत तर एकेक शब्द जपून वापरा. ‘बारवी भरलं’, ‘बारवी ओसंडून वाहू लागलं’, ‘विसर्ग वाढवला’ हे तीन वेगळे टप्पे आहेत आणि चौथा, फुटल्याचा शब्द, अफवेतून येतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत अशाच अफवेने चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली होती.

व्हिडिओ

आलेला व्हिडिओ आजचा आणि इथलाच आहे का, हे चित्रातूनच बऱ्याचदा कळतं. दुकानांच्या पाट्या, बसवर टीएमटी (ठाण्याची) लिहिलंय की एनएमएमटी (नवी मुंबईची), मेट्रोचे खांब उभे आहेत की नाहीत, बघत जा. एक हुकमी खूण: मुंबईच्या प्रवेशद्वारांवरच्या पाच टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल नाही. वाशीच्या किंवा ऐरोलीच्या नाक्यावर मोटारी टोल भरताना दिसत असतील, तर ‘आत्ताचा’ म्हणून आलेला तो व्हिडिओ जुना आहे. पाठवणाऱ्याला ‘दादा, तुम्ही स्वतः काढलाय का? कुठे उभे होतात?’ एवढं विचारलं तरी निम्मे व्हिडिओ तिथेच गळतात.

जिथे घाई चालतच नाही

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख कळेल असं काहीही नको: नाव, फोटो, शाळा, सोसायटी, वडिलांचा व्यवसाय, काहीच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ हे सांगतात. आपल्याकडे चूक बहुधा नावाने होत नाही, ‘अमुक सेक्टरमधल्या अमुक सोसायटीतली’ अशा तपशिलाने होते. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना तिचं थेट प्रक्षेपण वाहिन्यांना करता येत नाही. २०१५ पासून तो नियम आहे आणि मोबाइलवरून लाइव्ह करणाऱ्यानेही तो पाळावा, असं माझं ठाम मत आहे.

आत्महत्येच्या घटनेला ब्रेकिंगची पट्टी लावू नका. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की अशी बातमी ठळक, सनसनाटी करायची नाही, पद्धत आणि ठिकाण सांगायचं नाही. खाडीपुलांच्या बातम्यांत हे रोज मोडलं जाताना बघते. बातमी द्यावीच लागली तर साधी द्या, आणि शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो २४ तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

शेवटची पायरी: ब्रेकिंग उतरवणं

लावलेली पट्टी उतरवायची कधी, याचा विचार फारसा कुणी करत नाही. नवी माहिती येणं थांबलं आणि लोकांनी करण्यासारखं काही उरलं नाही, की ब्रेकिंग संपलं. पुढची बातमी साध्या मथळ्याने जाते. वाहिन्यांवर सकाळची घटना रात्रीपर्यंत लाल पट्टीत फिरते, त्याचं अनुकरण नको.

चूक झाली तर मेसेज गुपचूप डिलीट करू नका, तो तोवर चाळीस ग्रुपवर गेलेला असतो. नव्याने टाका: ‘दुरुस्ती: स. ९.४० च्या बातमीत पुष्पक एक्स्प्रेस असं म्हटलं होतं. प्रवासी लोकलमधील होते, असं मध्य रेल्वेने सांगितलं आहे.’ काय चुकलं आणि बरोबर काय, दोन्ही एकत्र. मूळ बातमी गेली त्या प्रत्येक ठिकाणी.

आणि रस्ता, रेल्वे, वीज, पाणी यांच्या प्रत्येक ब्रेकिंगला शेवटचा एक मेसेज जोडलेला असतो, तो पाठवायचाच: ‘मुंब्रा बायपास: कंटेनर हटवला, दोन्ही मार्गिका सुरू. साकेत पुलापर्यंत रांग आहे, ओसरायला वेळ लागेल, असं वाहतूक पोलिसांनी सांगितलं. (स. ९.१०)’